पाठचा आल्बम आणि जाणकार श्रोता

मायकेल जॅक्सनच्या ‘बॅड’विषयी श्रोत्यांनी व्यक्त केलेल्या मतांचा सर्वांत लक्षणीय विशेष हा की, त्यांतील बरीचशी मते आल्बम बाजारात येण्यापूर्वीच तयार होती आणि प्रत्यक्ष ऐकणे हा मागाहून उरकावयाचा उपचार होता. ३१ ऑगस्ट १९८७ रोजी ‘बॅड’ आला तेव्हा ‘थ्रिलर’ला पावणेपाच वर्षे होत आली होती, दरम्यान ‘थ्रिलर’ने अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’च्या यादीत ३७ आठवडे पहिले स्थान राखले होते, १९८४च्या एकाच सोहळ्यात जॅक्सनच्या पदरात आठ ग्रॅमी पडले होते, आणि थोरल्याचे प्रगतिपुस्तक दाखवून धाकट्याला बाकावर उभे करणाऱ्या मास्तरांचे काम श्रोत्यांनी आपखुशीने पत्करले होते.

या श्रोत्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग मूळपीठवाद्यांचा : त्यांच्या मते १९७९च्या ‘ऑफ द वॉल’नंतर सगळी उतरणच असल्यामुळे ‘बॅड’ ऐकण्याचे कष्ट आपोआप वाचतात. दुसरा वर्ग आकडेवाद्यांचा : एकाच आल्बममधील पाच ‘एकल’ गाणी, म्हणजे आल्बममधून सुटी काढून स्वतंत्रपणे विकलेली गाणी, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेण्याचा पराक्रम ‘बॅड’नेच प्रथम केला आणि ‘थ्रिलर’ला हा मान दोनच गाण्यांत मिळाला होता, हे कितीही समजावले तरी ते एकूण खपाकडे बोट दाखवतात. तिसरा वर्ग जाणकारांचा. प्रस्तुत लेखक याच वर्गात मोडतो, आणि वर्गीकरणही त्यानेच केलेले असल्यामुळे हा वर्ग सर्वांत वरचा आहे.

जाणकाराचे लक्षण असे की, तो गायकाआधी निर्मात्याविषयी बोलतो. येथे निर्माता म्हणजे पैसा ओतणारा नव्हे, तर कोणते वाद्य कोठे आणि किती वाजावे हे ठरवणारा. या तिन्ही आल्बमचा निर्माता क्विन्सी जोन्स हाच होता. परंतु ‘थ्रिलर’च्या नऊ गाण्यांपैकी चारच जॅक्सनने स्वतः लिहिलेली होती, तर ‘बॅड’च्या कॅसेटवरील दहांपैकी आठ त्याची होती. यावरून ‘इतरांचा हात कमी झाला आणि रंगत गेली’ असाही निष्कर्ष निघतो आणि ‘आता कोठे हा गडी स्वतःचे बोलू लागला’ असाही. समोर कोण बसले आहे हे पाहून प्रस्तुत लेखकाने दोन्ही वापरलेले आहेत.

येथे मुखपृष्ठाचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो टाळता येण्याजोगा असला तरी टाळणे उचित नाही. ‘थ्रिलर’वर जॅक्सन पांढरा सूट घालून निवांत पहुडलेला होता, आणि मुखपृष्ठ उलगडले की आत वाघाचा बछडाही होता. ‘बॅड’वर तो काळ्या चामडी जाकिटात उभा राहिला, आणि त्या जाकिटाला बकले होती. बकल म्हणजे पट्टा आवळून अडकवण्याची धातूची कडी. तिचे प्रयोजन काहीतरी सैल असणे हे होय, आणि त्या जाकिटात सैल असे काहीच दिसत नव्हते. कॅसेटच्या डबीवर ते छायाचित्र इतके लहान असे की बकले नीट मोजता येत नसत, त्यामुळे त्यांच्याविषयीचा वाद गाण्यांविषयीच्या वादाहून अधिक टिकला. ‘गायकाने गळ्याकडे पाहावे, पेहरावाकडे नव्हे’ हे प्रस्तुत लेखकाचे मत त्या काळी पुष्कळांनी ऐकले. ते मांडताना त्याच्या अंगात ओळखीच्या शिंप्याकडून शिवून घेतलेले काळे रेक्झिनचे जाकीट असे, ज्याची बकले जुन्या दप्तराची होती आणि जे मे महिन्यात पाठीला चिकटत असे.

तथापि या मतांमागील अन्याय थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ‘थ्रिलर’च्या वेळी जॅक्सन २४ वर्षांचा होता, ‘बॅड’च्या वेळी २९, परंतु तेवढीच वर्षे श्रोत्याचीही सरली होती. शाळेत असताना ‘थ्रिलर’ ऐकलेला मुलगा आता नोकरीच्या अर्जाला छायाचित्र चिकटवत होता, आणि जे त्याचे त्यालाच परत मिळत नव्हते ते त्याने गायकाकडे मागितले. ही मागणी पुरी करण्याचा मार्गही कोणी शिल्लक ठेवलेला नसतो. फ्लीटवूड मॅक या समूहाने ‘रूमर्स’च्या (१९७७) अफाट यशानंतर ‘टस्क’ (१९७९) हा वीस गाण्यांचा दुहेरी आल्बम मुद्दाम वेगळ्या वाटेने केला, तर ‘वेगळा का केला’ म्हणून त्यांना बोल लागला. जॅक्सन ओळखीच्या वाटेजवळ राहिला, तर ‘तेच ते’ म्हणून त्यालाही. ज्या माणसाने वर्षानुवर्षे स्टुडिओत घालवली, त्याला पाऊण तासात निकालात काढले गेले. पिच्छा पुरवणाऱ्यांना झिडकारणारे ‘लीव्ह मी अलोन’ हे अकरावे गाणे तर तेव्हा फक्त सीडीवर होते, त्यामुळे कॅसेटवाल्या परीक्षकांपर्यंत ते पोहोचलेच नाही.

पुढे १९९१मध्ये ‘डेंजरस’ आला. त्याला क्विन्सी जोन्स नव्हता, हे जाणकारांच्या पथ्यावरच पडले, आणि ‘बॅड’ची सर याला नाही, असे प्रस्तुत लेखकाने वेष्टन फोडण्यापूर्वीच जाहीर केले, कारण काल ज्याला नावे ठेवली त्यालाच आज मापदंड मानण्याची मुभा जाणकारांच्या शास्त्रात आहे, आणि ती नसती तर हे शास्त्र दुसऱ्याच आल्बमवर बंद पडले असते.