नाकारलेला गोल

कोल्हापुरात माणसानं कुठल्या फुटबॉल संघाच्या बाजूनं ओरडायचं, हे तो कुठल्या पेठेत जन्मला त्यावर ठरतं. पुढं त्यात बदल होत नाही. पक्ष तर आमच्याकडे लोक दर निवडणुकीला बदलतात. माणूस वाड्यातला हिस्सा विकून राजारामपुरीत नाहीतर पार कळंब्याला फ्लॅटमध्ये राहायला जातो. पण मॅचच्या दिवशी तो गाडी काढतो आणि शाहू स्टेडियमच्या गॅलरीत जुन्या पेठेच्या घोळक्यात येऊन बसतो. लग्न होऊन दुसऱ्या पेठेत गेलेल्या मुलीला मात्र एक सवलत आहे. सासर आणि माहेर समोरासमोर आले की तिनं डोकं दुखतंय म्हणून घरात पडून राहावं.

बाहेरच्यांना हे समजावणं अवघड. पुण्याचे आमचे एक व्याही मुक्कामाला आले होते. सकाळी पेपर वाचता वाचता त्यांचा चेहरा गोंधळला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम अशी नावं, आणि खाली कॉर्नर, पेनल्टी, हेडर. "अहो, कुस्तीत गोल कधीपासून धरायला लागले?" त्यांनी विचारलं. त्यात त्यांचा दोष नाही. शाहू महाराजांनी या गावाला कुस्तीचं वेड लावलं, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, पेठापेठांत तालमी घुमू लागल्या. पुढच्या पिढीतल्या पोरांना फुटबॉलचा नाद लागला तेव्हा नवं नाव शोधायला कुणाला सवड नव्हती. तालीम होतीच, तिच्याच नावानं ती मैदानात उतरली. जुने संस्कार पुरते गेलेत असंही नाही. आमचा बॅक समोरच्या फॉरवर्डला अडवायला जातो तेव्हा त्याला बॉल हवाय की पाठ टेकवायची आहे, हे शेवटपर्यंत कळत नाही.

आमच्या तालमीचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्या तालमींचे लोक पुढं वाचणार नाहीत, आणि आमचे लोक मला पुढं लिहू देणार नाहीत.

तर आमच्या तालमीनं स्मरणिका काढायची ठरवली. मी बँकेतून निवृत्त झालेला, म्हणजे हाताशी वेळ असणार आणि बेरीज चुकणार नाही, म्हणून संपादक मी. सुरुवात मिळवलेल्या चषकांच्या यादीनं करावी, असं ठरवलं. तालमीतलं काचेचं कपाट उघडलं. चषक भरपूर होते, पण कुठला कुणाला हरवून मिळाला आणि कुठल्या साली, ते कट्ट्यावरच्या एकालाही सांगता येईना. एका मोठ्या चांदीच्या चषकाबद्दल आबा म्हणाले, "ह्यो बहुतेक क्यारमचा आसंल."

मग मी सहज विचारलं, "आबा, शहाऐंशीची फायनल?"

झालं! चहा निवला, मिसळीतला पाव कट घेऊन घेऊन विरघळला, पण आबा थांबेनात. कोण कुठं उभा होता, वारा कुठल्या बाजूनं होता, हाफ टाइमला कुणी किती लिंबं चोखली, सगळं त्यांना पाठ. आणि ती मॅच आम्ही हरलो होतो.

त्या संघाचा कृष्णधवल फोटो तालमीत मारुतीच्या शेजारी लावलेला आहे. स्मरणिकेत तो छापायचा आणि खाली नावं द्यायची, एवढंच काम. उभे डावीकडून अमुक, बसलेले तमुक. मी वही काढली. पहिल्या संध्याकाळी अकरा खेळाडूंची नावं मिळाली. दुसऱ्या संध्याकाळी ती चौदा झाली. आठवडा उलटला तेव्हा वहीत सतरा खेळाडू होते आणि फोटोत अकराच. "त्या काळी खाण्यापिण्यानं माणसं लई धिप्पाड, एकामागं एक झाकली असत्याल," असा खुलासा तात्यांनी केला. आपण स्वतः डाव्या हाफला होतो, हे तात्या निदान तीन दशकं सांगत आले आहेत.

हा घोळ मिटवला आबांच्या थोरल्या बहिणीनं. आक्का आता ऐंशीच्या पुढं आहेत. शाहू स्टेडियमवर त्या एकदाही गेलेल्या नाहीत, पण त्या वर्षी संघाच्या जर्शा धुवायला आणि शिवायला त्यांच्याकडे असायच्या. त्यांनी चष्मा पुसला आणि फोटोवर बोट ठेवत गेल्या. "ह्येच्या कोपराला ठिगळ हाय, म्हंजे ह्यो गोली. ह्येची कॉलर मी उलटी लावली हुती, ह्यो राइट-आउट. आन् ह्या दोघांच्या जर्शा आपल्या न्हाईतच, शेजारच्या तालमीतनं मागून आणल्याल्या." बोट कडेला आलं. "आन् ह्यो रं? ह्येनं कुठं जर्शी घातलीया? ह्यो तर लिंबाची पिशवी धरून हुबा हाय."

सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी शांतपणे बशीतला चहा संपवला. "पिशवी धराय बी टीममध्येच लागतंय," ते म्हणाले. तेही खरंच. वहीत मी त्यांच्या नावापुढं 'राखीव' लिहिलं आणि कुणी हरकत घेतली नाही.

तो संघ लोकांना इतका का आठवतो, याचा मी संपादक या नात्यानं विचार केला. आज आमची पोरं त्यांच्याहून जास्त पळतात, त्यांना कोच आहे, चांगले बूट आहेत. मध्यंतरी गावातल्या संघांत आफ्रिकेतले खेळाडूही येऊन खेळून गेले आणि तांबडा रस्सा पिऊन घामाघूम झाले. शहाऐंशीच्या संघाचं तसं नव्हतं. गोली शिवाजी उद्यमनगरात लेथवर टर्नर होता. फर्स्ट शिफ्ट करून, हाताचं ऑइल पुरतं न धुताच गोलात उभा राहायचा. निसटलेल्या प्रत्येक बॉलचा दोष तो त्या ऑइलला द्यायचा. स्टॉपर बॅक चप्पल लाइनीत कापशीच्या चपला बांधायचा. लेफ्ट-आउट पहाटे गंगावेशीत म्हशी पिळून पेठेत दूध घालायचा. शनिवारी त्यानं पेनल्टी बाहेर मारली की रविवारी पहाटे त्याला आमच्याच दारात मापटं घेऊन उभं राहावं लागायचं. आई दूध घेताना काही बोलायची नाही, फक्त मापट्याकडे बारीक नजरेनं बघायची. त्या दिवशी माप भरून वर थोडं जास्त पडायचं. खेळाडूला जाब विचारायची याहून चांगली सोय जगातल्या कुठल्याही क्लबनं केलेली नसेल.

या लेफ्ट-आउटबद्दल आबांचं मत पक्कं आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसूझांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले आणि भारत चौथा आला, ही पहिली पायरी. १९६२ ला जकार्तात चुनी गोस्वामींच्या संघानं आशियाई सुवर्ण जिंकलं, ही दुसरी. तिसरी पायरी आमचा लेफ्ट-आउट. त्यानंतर भारतीय फुटबॉलची घसरण सुरू झाली. २०१७ ला सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात झाला आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, तेव्हा सगळ्या गावाची छाती फुगली. आबांचीही फुगली. पण टीव्हीसमोरनं उठताना ते पुटपुटलेच, "पोरगं लई भारी हाय. आपल्या लेफ्ट-आउटला आसं टीव्हीवर दावलं आस्तं तर..." पुढचं त्यांनी आमच्यावर सोडलं.

आता ती मॅच. आम्ही एका गोलनं मागं. शेवटची पाच मिनिटं. हलगी कडाडत होती. लेफ्ट-आउटनं दोघांना चकवलं आणि कडेनं बॉल आत टाकला, सेंटर फॉरवर्डनं डोकं लावलं आणि जाळी हलली. गॅलरीतनं गुलालाची पोती रिकामी झाली. मग शिट्टी ऐकू आली. ऑफसाइड! रेफरी हात वर करून उभा होता, आणि गुलालानं त्याच्या काळ्या शर्टाचा रंग ओळखू येत नव्हता. हरलो. पण अंगावरचा गुलाल काही लगेच जाणारा नव्हता. गुलालानं माखलेले आम्ही मान खाली घालून घरी निघालो आणि वाटेत ज्या ज्या गल्लीला निकाल ठाऊक नव्हता, तिथल्या बायकांनी आमच्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला.

त्याच वर्षी जूनमध्ये मेक्सिकोत मॅराडोनानं इंग्लंडविरुद्ध हातानं गोल केला आणि तो दिला गेला. पेपरात तो फोटो बघून आबांना दोन दिवस जेवण गेलं नाही. "तितं हातानं केल्याला चालतोय आन् हितं डोक्यानं केल्याला चालत न्हाई!" 

तो रेफरी म्हणजे मास्तर. दुसऱ्या पेठेचे, एका शाळेत पीटी शिकवायचे. त्या फायनलनंतर बरेच महिने ते आमच्या पेठेतनं सायकल न नेता रंकाळ्याच्या बाजूनं वळसा घालून शाळेत जायचे. मग पेठेतली पोरं त्यांच्या वर्गात गेली. मास्तर पोरांना शिकवतात चांगलं, मारतात त्याहून चांगलं, अशी कीर्ती झाली. निवृत्तीनंतर एकदा पाऊस आला म्हणून ते आमच्या कट्ट्याशेजारच्या टपरीत शिरले आणि चहा आवडला म्हणून परत आले. आज ते कट्ट्याचे कायमचे सभासद आहेत. रोज कुणीतरी एकदा विचारतो, "मास्तर, खरं सांगा, ऑफसाइड हुता?" मास्तर म्हणतात, "होता." मग दुसऱ्या विषयाला सुरुवात होते.

मधे एकदा हे प्रकरण फार तापलं होतं. त्या वेळच्या नियमानं पास निघताना फॉरवर्ड शेवटून दुसऱ्या बचाव करणाऱ्याच्या अगदी बरोबरीत असला, तरी तो ऑफसाइडच. आमचा सेंटर फॉरवर्ड बरोबरीत होता, हे आबाही मान्य करतात. पण १९९० मध्ये नियम बदलला आणि बरोबरीत असणारा ऑनसाइड ठरू लागला. आबांना हे कळलं बरंच उशिरा. कळलं त्या संध्याकाळी ते पेठेतनं पेढे वाटत आले. "मास्तर, गोल झाला! एक-एक!"

"आबा, नियम मागच्या तारखेनं लागू होत नाही," मास्तर म्हणाले.

"आसं? मग तुम्हां मास्तरांना पगारवाढीचा फरक मागच्या तारखेनं कसा मिळतोय?"

मास्तर पहिल्यांदाच निरुत्तर झालेले आम्ही पाहिले. त्या दिवसाचा चहा त्यांच्याकडून झाला. फरकाची रक्कम मोठी आहे, एका चहात फिटत नाही, असं आबांनी ठरवलं, आणि तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या तारखेचा चहा मास्तरांकडे असतो. पेन्शन झाल्याचं आम्हाला त्यावरनंच कळतं.

तर स्मरणिकेची प्रस्तावना कुणी लिहायची? आमदारांचं नाव निघालं, नगरसेवकाचं निघालं. आक्का म्हणाल्या, "त्या दिवशी सगळ्यात जवळनं ज्यानं बघितलं, त्येलाच लिवू द्या की." सगळे गप्प बसले, म्हणजे ठराव मंजूर.

मास्तरांनी पीटीच्या सराच्या टपोऱ्या अक्षरात चार पानं लिहून आणली. तालमीतल्या चौकात मी ती मोठ्यानं वाचली. गोली कॉर्नरच्या आधी डाव्या हातानं खांबाला शिवायचा, हे त्यांनी टिपलं होतं. बॅक कुणाला पाडला की स्वतःच हात देऊन उठवायचा, आणि त्यामुळं त्याला ताकीद देताना जीभ अडखळायची, हेही होतं. लेफ्ट-आउटबद्दल लिहिलं होतं की त्याच्यासारखा कडेनं पळणारा खेळाडू शिट्टी तोंडात असताना दुसरा पाहिला नाही, एक-दोनदा बघण्याच्या नादात शिट्टी मारायची राहिलीसुद्धा. आबांनी डोळ्यांना रुमाल लावला. तात्यांच्या लिंबांचाही गोडवा त्यात होता. आणि शेवटची ओळ होती: 'तो गोल ऑफसाइडच होता.'

गलका झाला. ही ओळ गाळा म्हणून तिघं उठले. एकानं तर प्रस्तावना आमदारांकडं परत द्यायची सूचना मांडली. शेवटी आबांनी हात वर केला.

"छापा," आबा म्हणाले. "आरं, दिला आसता तर काय झालं आसतं? एक-एक, मग जादा येळ, मग कुणीतरी जिकलं आसतं. आन् त्यो कप त्या कपाटात क्यारमच्या शेजारी बसला आसता. जिकल्याल्या मॅचचा गुलाल आंघुळीबरुबर जातोय. ह्यो गोल ह्या मास्तरानं दिला न्हाई, म्हणून तर आपण रोज हितं बसतोय. मास्तर रोज येतोय. आन् येक तारखेचा चहा फुकट मिळतोय."

ठराव असा झाला की मास्तरांची ओळ जशीच्या तशी छापायची, आणि तिच्याखाली चौकटीत संपादकांनी एक ओळ टाकायची: 'वरील मताशी मंडळ सहमत नाही.'

प्रूफ तपासायचं काम अर्थातच शाळेतल्या माणसाकडं गेलं. मास्तरांनी तांबड्या पेननं सगळी पानं बारकाईनं तपासली, तात्यांच्या 'राखीव'मधली 'खी' ऱ्हस्व करून कुणीतरी घातलेला घोटाळा निस्तरला, आक्कांच्या नावामागं 'श्रीमती' घातलं. शेवटच्या पानावर चौकटीतली ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि 'नाही'नंतरचा पूर्णविराम खोडून तिथं उद्गारचिन्ह दिलं.