ध्येय, लॅमिनेशनसह

तुमच्याही सोसायटीत ते आहेतच, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. बँकेतून निवृत्त, दुसरा मजला, शर्टाच्या खिशात दोन पेनं. आमच्या चेअरमनसाहेबांना मुलाने स्टीफन कोव्हींचं सात सवयींचं पुस्तक पाठवलं आणि कमिटीचे दिवस फिरले. पुस्तक १९८९चं, पण साहेबांच्या लेखी ते परवाच आलेलं. माणसाने आपलं जीवनध्येय स्वतः लिहून काढावं, असं त्यात सांगितलंय. साहेबांनी लिहिलं. आणि लॅमिनेट केलं.

लॅमिनेशनचं मशीन त्यांच्या घरातच आहे. पंपाच्या वेळा, थकबाकीदारांची यादी, 'जिन्यात चपला ठेवू नयेत', सगळं प्लास्टिकबंद. 'एक नेता या नात्याने सभासदांमधील सुप्त सामर्थ्य जागृत करणे' हे लिफ्टशेजारी लागलं, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "उद्या पाणी नाही का?" पुढच्या खेपेला 'सुप्त' गेलं, 'मूल्याधिष्ठित' आलं. लॅमिनेशनवर खाडाखोड करता येत नाही. ध्येयात एक शब्द हलला की नवा कागद, नवं प्लास्टिक. जुनी ध्येयं वहिनींनी मसाल्याच्या डब्यांखाली अंथरली आहेत. हळद सांडली तरी पुसून निघते म्हणतात.

त्याच पुस्तकात आणखी एक प्रकार आहे. स्वतःच्या अंत्यविधीला आपण हजर आहोत अशी कल्पना करायची. घरचं माणूस, मित्र, कामातला सहकारी आणि समाजातलं कुणी, असे चौघं बोलणार. त्यांनी काय बोलावं, ते ठरवायचं. शहाणी माणसं हे मनातल्या मनात करतात. साहेबांनी ते कमिटीच्या सभेत विषय क्रमांक तीन म्हणून घेतलं, गच्चीची गळती आणि पार्किंग यांच्या मधोमध. सेक्रेटरी म्हणाले, "दोन मिनिटं उभं राहू आणि पुढचा विषय घेऊ." खजिनदारांनी हाराचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा ते विचारलं. सोसायटीतर्फे बोलायचं माझ्या गळ्यात आलं. "लेखी द्या," साहेब म्हणाले. कशासाठी, ते सांगायला नको.

टर उडवायच्या बेताने लिहायला बसलो आणि पंचाईत झाली. मोफा कायद्याप्रमाणे सोसायटी नोंदली की चार महिन्यांत बिल्डरने जमीन तिच्या नावे करून द्यायची. आमचा बिल्डर न करताच वारला, मुलांनी हात वर केले. जमीन आपली नाही, हे आम्हा बाकीच्यांना रिडेव्हलपमेंटची कुजबुज सुरू झाल्यावर कळलं. साहेब तोवर मानीव अभिहस्तांतरणाच्या, म्हणजे बिल्डरशिवायच जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याच्या, मागे लागलेही होते. दारोदार फिरून जुने करारनामे आणि सूची क्रमांक दोन गोळा केल्या, मंजूर नकाशा हुडकला. जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयातल्या बाकावर हा माणूस ऐन मे महिन्यात डबा घेऊन बसायचा. एकदा तर सगळी फाईल परत आली, कारण कागद लॅमिनेट केलेले. त्यांच्यावर शिक्काच उमटेना. साहेबांनी सगळ्या प्रती नव्याने काढल्या. शेवटी आदेश निघाला, नोंदणी झाली, आणि आम्ही त्या पेढ्यांतही तूप कमी आहे म्हणालो.

त्या ध्येयात यातलं एक अक्षर नाही. का, म्हणून विचारलं.

"ते कामच होतं हो," साहेब म्हणाले. "त्यात नेतृत्व कुठलं?"

कमिटीची पाच वर्षांची मुदत यंदा संपली. लिफ्टपाशी उभं राहून ध्येयाला हसणाऱ्यांपैकी एकाचाही अर्ज आला नाही. कुणाची पाठ धरलेली, कुणाची मुलगी बारावीला. मला तर काय, लेखन असतं. साहेब बिनविरोध आले. दुसऱ्याच दिवशी नवं ध्येय लागलं, या वेळी दुप्पट मोठं. मशीनमध्ये एवढा कागद मावत नाही, म्हणून दोन तुकडे शेजारी शेजारी चिकटवलेत. जोड नेमका 'दूरदृष्टी'च्या मधून गेलाय.