डायमधून बाहेर कसं येणार?

निरवांगीत त्यांना 'पावडरवाले तात्या' म्हणतात. इंदापूर तालुक्यात पावडर म्हणजे दुधाची, त्यामुळे दुधाचा दर उतरला की डेअरीत कॅन रिकामे करून परतणारा एखादा गडी हटकून विचारतो, "तात्या, पावडर पडली म्हणं? तुमच्याकडं काय खबर?" तात्या लोखंडाच्या भुकटीतले. ती दाबायची, भट्टीत भाजायची आणि तिचे गिअर, बुश, स्प्रॉकेट करायचे, यात त्यांची उभी हयात पिंपरी-भोसरीकडच्या टूलरूममध्ये गेली. निवृत्त झाल्यावर ऊस बघायला म्हणून गावी आले. पण उसाला शंका येत नाहीत, आणि तात्यांना शंका विचारणारं माणूस लागतं.

ती सोय ऑनलाइन प्रशिक्षणानं केली. शनिवारी सकाळी ओसरीवर पुतण्या लॅपटॉप जोडून देतो आणि चाकण, कोइमतूर, गुरगावचे डिझाइन इंजिनिअर पडद्यावर हजर होतात. विषय, पावडर मेटलर्जीचे पार्ट डिझाइन कसे करावेत. शेतीची थ्री-फेज वीज दिवसा असेल त्या आठवड्यात वर्ग रद्द, कारण मोटर चालू करायची असते. गळिताच्या दिवसांत उसाची ट्रॉली गाणी लावून दारावरून जाते, तेव्हा गुरगावकरांना वाटतं सरांकडं लग्न आहे.

टूलरूममध्ये मुरलेल्या माणसाची एक ठाम समजूत असते: जग ज्यांनी काढलं त्यांना ते स्वतः बनवावं लागलेलं नाही. ड्रॉइंग आलं की तात्या चष्मा कपाळावर सारून नाक पडद्याला लावतात, आणि पलीकडच्या सगळ्यांना फक्त त्यांच्या भुवया दिसतात. भुवया जवळ आल्या की प्रश्न ठरलेला.

"डायमधून बाहेर कसं येणार?"

पलीकडे शांतता. मग कुणीतरी, "सर, आवाज तुटतोय."

आवाज तुटत नसतो. भुकटी डायमध्ये भरतात, वरचे-खालचे पंच ती दाबतात आणि शेवटी खालचा पंच पार्ट सरळ वर ढकलतो. म्हणून बाजूनं आडवं भोक, मधली खाच, बाहेरचे आटे हे काही दाबून होत नाही. ते नंतर मशीनवर, वेगळे पैसे मोजून. गोष्ट एवढीच. पण संगणकावर आडवं भोक पाडायला दोन क्लिक पुरतात, आणि तात्यांचं भांडण त्या दोन क्लिकशी आहे.

कडेला चॅम्फर, म्हणजे तिरका उतार, काढताना पाव मिलिमीटर सपाट जागा सोडली नाही, की त्यांचा पारा चढतो. कारण चॅम्फर शून्यावर नेला की पंचाची कड पातळ होते आणि तुटते. पुरावा म्हणून श्रीखंडाचा डबा येतो. त्यात कड उडालेले जुने पंच आहेत आणि प्रत्येकाचा गुन्हेगार तात्यांना तोंडपाठ आहे. "हा फरीदाबादचा. हा आपलाच, सांगवीत राहायचा, पोरगा बरा होता."

मग ते न भाजलेला गिअर कॅमेऱ्यासमोर धरतात. चौरस सेंटिमीटरला पाच-सहा टन दाब खाल्लेला. दात, भोक, की-वे सगळं जागच्या जागी. अंगठ्यानं एक दात दाबला की तो कट्कन तुटतो आणि भुकटी कीबोर्डवर सांडते. "1120 अंशांच्या भट्टीतून जाईस्तवर हा कुणाचाच नाही," तात्या बोटं झटकतात. लोखंड वितळायला 1538 अंश लागतात. त्याच्या बरंच अलीकडे कण एकमेकांना धरतात आणि पार्टाला बळ येतं. पुतण्याला एवढंच माहीत आहे की लॅपटॉपची 'एन' कळ आता चालत नाही.

एकदा एका पोरानं पार्टाच्या उंचीला पाच मायक्रॉनचा टॉलरन्स लिहिला. "व्यास डाय सांभाळंल. उंची भुकटी किती भरली त्यावर. हा टॉलरन्स सासरा देणार का?" दुसऱ्यानं घनता 7.8 लिहिली, म्हणजे जवळजवळ सलग पोलाद. "मग बार घे आणि टर्न कर, मला कशाला उठवलंस?" भुकटीच्या पार्टात बारीक छिद्रं राहणारच, त्यांची लाज कसली? पंख्याच्या बुशात त्याच छिद्रांत तेल मुरवून ठेवतात. फिरताना तापलं की तेल बाहेर, थांबलं की पुन्हा आत. हे सांगताना तात्यांचा आवाज मऊ होतो. काकूंच्या मते इतक्या मायेनं ते घरात कुणाशी बोललेले नाहीत.

एकानं एनपीटेलच्या ऑनलाइन व्याख्यानमालेचं प्रमाणपत्र असल्याचं सांगितलं. असाइनमेंटला 25, परीक्षेला 75 गुण. "छान. आता हा बुश काढून दाखव." पण तीच व्याख्यानं तात्या रात्री स्वतः ऐकतात, वही घेऊन, आणि हे वर्गात सांगत नाहीत.

त्यांचे साडू वालचंदनगरचे. तिथं साखर कारखान्यांची यंत्रं होतात, इस्रोच्या रॉकेटांची मोटर केसिंग झाली. "आमचा गिअर उचलायला क्रेन लागायची तात्या, तुमचा खिशात हरवतो."

"तुमच्यात गिअर एक आणि चिप्सचा ढीग. आमच्यात शंभर किलोतली 95 किलो भुकटी पार्टात जाते." हे भांडण दर दिवाळीला होतं आणि दोघांनाही ते मिटवायचं नाही.

परवा चाकणच्या एका धीट मुलीनं विचारलं, "सर, तुमच्याकडून अशी चूक कधी झालीच नाही?"

"टूलरूमवाल्याकडून? शक्यच नाही."

माइक चालू होता. मागं मेथी निवडत बसलेल्या काकूंचा आवाज चाकणपासून कोइमतूरपर्यंत पोचला. "अहो, मग माजघरातल्या ज्वारीच्या कोठीचं काय? तुम्हीच माप दिलंत, घरातच वेल्डिंग करून घेतलीत. रंग द्यायला बाहेर काढायचीय, तर दारातनं निघंना. आता कोठी कापायची का भिंत पाडायची, तेवढं सांगा."

पडद्यावरची सगळी तोंडं एकदम खाली गेली. तात्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"ती असेंब्ली आहे, पार्ट नाही. पुढचं ड्रॉइंग दाखवा."