तोंड लपवायलाही परवाना

तोंड दाखवायला जागा उरली नाही, असं आपण म्हणतो. हाँगकाँगमध्ये लपवायलाही उरली नव्हती. ऑक्टोबर 2019 मध्ये तिथल्या तेव्हाच्या सरकारप्रमुख कॅरी लाम बाईंनी फर्मान काढलं: मोर्चात तोंड झाकाल तर वर्षभर आत जाल. त्यासाठी 1922 चा आणीबाणीचा कायदा माळ्यावरून काढून झटकला. इंग्रज गेले, पण माळा भरलेला ठेवून गेले.

नऊ महिन्यांनी बाईंचंच सरकार म्हणालं, तोंड झाका. नाहीतर पाच हजार डॉलर दंड.

(डॉलर हाँगकाँगचे. तरी झोंबणारच.)

बरं, मग आधीची बंदी उठवली? छे! डिसेंबर 2020 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. मास्क विषाणूला घाबरून लावलाय की पोलिसांना, हे पोलिसांनी नुसत्या डोळ्यांत बघून ओळखायचं.

फ्रान्सचं गणित जास्त सोपं. 2010 च्या कायद्याने चौकात चेहरा झाकला तर 150 युरोंपर्यंत दंड. मे 2020 ते मे 2022 मेट्रोत चेहरा उघडा ठेवला तर 135 होता. मधले पंधरा युरो तत्त्वाचे.

त्या कायद्यात बुरख्याचा उल्लेख कुठेही नाही. हेल्मेट चालतं, आजारपण चालतं, जत्रेतला मुखवटाही चालतो. उरलं काय? ते शाळकरी पोरही सांगेल.

ऑस्ट्रियाने मात्र चेहरा झाकण्यावरच्या बंदीचा आपला कायदा सर्वांना सारखा लावून दाखवला. 2017 मध्ये व्हिएन्नात एक जण शार्क माशाचा वेश घालून दुकानाची जाहिरात करत होता. डोकं काढ म्हटलं, काढेना. दंड 150 युरो.

शार्कचा धर्म विचारल्याचं ऐकिवात नाही.

स्वित्झर्लंडचं टायमिंग तर दाद देण्यासारखं. मार्च 2021. दुकानात पाव घ्यायचा तर मास्क सक्तीचा. अशा वेळी राज्यघटना बदलून चेहरा झाकण्यावर बंदी आणायची की नाही, यावर देशाने मतदान केलं. 51.2 टक्के म्हणाले, आणा! नकाब घालणाऱ्या बायका देशात किती? ल्युसर्न विद्यापीठाचा अंदाज, एकवीस ते सदतीस. एवढ्या तर आमच्या सोसायटीच्या भिशीत आहेत. त्यांच्यासाठी अजून कोणी राज्यघटना बदललेली नाही.

कायदा लागू व्हायला 2025 उजाडलं. तोवर मास्क गेले होते. थंडीत मात्र तोंड झाकायची मुभा आहे. आल्प्समध्ये थंडी नेमकी किती महिने असते हो?

आपण हसू नये. मुंबईत विनामास्क 200 रुपये भरलेले या सदराचे वाचक असतीलच. त्या काळात मास्क लोकांच्या हनुवटीवर असायचा आणि क्लीन-अप मार्शल दिसला की लिफ्टसारखा वर जायचा. 2022 च्या गुढीपाडव्याला सक्ती उठली, हनुवट्या मोकळ्या झाल्या.

पुण्यात स्कूटरवरच्या मुली कोरोनाच्या कितीतरी आधीपासून डोळे सोडून सगळं स्कार्फात गुंडाळून फिरतात. ऊन, धूळ, ओळखीचे काका, कारणं अनेक. त्यांचे चेहरे उघडे करायला फ्रान्सचा एखादा हवालदार पाठवा म्हणावं.

फर्ग्युसन रस्त्यावर. संध्याकाळी सहाला.