गेले की आहेत?

एखादा माणूस हयात आहे का, हे सरकारदरबारी शोधणे अगदी सोपे आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यायची असते आणि नोंदवहीत शोध घेऊन उतारा मागण्याची मुभा कोणालाही आहे. फक्त कशाने गेला, ते उताऱ्यात येत नाही. तेवढे खासगीपण कायद्याने मृतासाठी राखून ठेवले आहे. एक किरकोळ अडचण: मृत्यूची नोंद राहत्या गावी नव्हे, जिथे मृत्यू झाला तिथे होते. म्हणजे माणूस गेला की नाही हे कळायला, तो कुठे गेला हे आधी ठाऊक हवे. चिपळूणचे गृहस्थ मुंबईच्या इस्पितळात वारले, तर चिपळूणच्या नोंदवहीत ते ठणठणीत.

मतदारयादी याहून दिलदार. नाव वगळण्यासाठी कोणी नमुना ७ भरला नाही, तर ती बरेचदा कोणालाच अंतर देत नाही. सातबाऱ्यावरही वारसनोंदीचा फेरफार होईपर्यंत आजोबाच खातेदार.

मरणाची नोंद अशी निवांत. जगण्याचा पुरावा मात्र पेन्शनरांकडून दर नोव्हेंबरात वसूल होतो. उत्तर प्रदेशातल्या लाल बिहारींना महसुली दप्तराने मृत ठरवले, तेव्हा कागदावर जिवंत व्हायला त्यांना १९९४ उजाडले. दरम्यान त्यांनी मृतक संघही काढला.

तेव्हा खात्री करायचीच असेल, तर त्या माणसाच्या वाण्याला विचारा. उधारी थकलेली असल्याने त्याची वही अद्ययावत असते.