आगायाया म्हणजे किती फूट?

सातारा-सांगलीकडच्या माणसाला आश्चर्य वाटायला निमित्त लागत नाही, ही या भागाची मोठीच संपत्ती म्हणायची. उसाला दर वाढला, ‘आरं तिच्या!’ दर पडला, तरी तेच. पाहुणा न कळवता आला, ‘आगं बया!’ कळवून वेळेवर आला, तर त्याहून मोठ्यांदा.

एवढी ऊर्जा वाया जाऊ नये. सबब सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजणं बंद करावं, अशी आमची नम्र सूचना आहे. ४० फूट, म्हणजे इशारा पातळी: ‘आयला!’ ४५ फूट, धोका पातळी: ‘आरं तिच्या मारी!’ पुढं सगळं ‘आगायाया’. कोयनेचे दरवाजे उचलले की पाटणनं पहिला उद्गार काढावा, कऱ्हाडनं प्रीतिसंगमावर तो पुढं द्यावा आणि सांगलीनं तयारीला लागावं. रेंज गेली तरी ही यंत्रणा चालू राहते. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा लोकांनी नुसताच तोंडावर हात ठेवला. त्याचीही एकक म्हणून नोंद व्हावी.

मात्र ‘अभूतपूर्व!’ या उद्गारावर सामान्यांनी हक्क सांगू नये. तो सरकारी मालकीचा आहे. २००५ साली तो काढला, २०१९ ला झटकून पुन्हा वापरला, २०२१ लाही त्याची घडी मोडली नव्हती. तोवर नदीकाठची माणसं जुलै लागताच गाद्या माळ्यावर टाकायला शिकली होती. आता मनापासून आश्चर्य वाटणारं खातं तेवढं एकच उरलंय. पंचनाम्याची वाट न बघता त्याला सानुग्रह अनुदान द्यावं.