घरबसल्या निंजा व्हा : विश्रांतवाडीकरांसाठी प्रवेशिका

निंजा व्हायला जपानचा व्हिसा लागतो, डोंगरावर उपाशी राहावं लागतं, अशी अफवा कुणीतरी पसरवली आहे. पुण्यात आळंदी रोडच्या आतल्या गल्लीतला वन-बीएचके, एक टीव्ही आणि दुपारी झोपणारी आई, एवढ्यावर भागतं. खालील पायऱ्या पाळा.

१. आधी कपडे. खरे निंजा शेतकरी, भिक्षू, फेरीवाले बनून हिंडत. कुणाच्या नजरेत न भरणं हाच त्यांचा धंदा. ते डोक्यातून काढून टाका. भडक रंग निवडा. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या व्हिडिओ गेममध्ये (१९९२) पिवळा, निळा आणि हिरवा असे तीन निंजा आहेत. तिघंही एकच नट, डॅनियल पेसिना. बदलला तो फक्त रंग. दिवाळीला एकाच ताग्यातून तीन भावंडांचे कपडे शिवणाऱ्या घरांना या काटकसरीचं कौतुक वाटेल.

२. यंत्र. सुरुवात नव्वदच्या दशकातल्या टीव्ही गेमनेच करा. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं असेल. विश्वास ठेवा. थोड्या वेळाने पहिलाच खेळ परत आला, तर तो नवा समजा. चित्र आलं नाही तर कॅसेट काढून फुंकर मारा. फुंकरीने काही होत नाही, कॅसेट पुन्हा नीट बसल्याने होतं. पण हे मित्रांना सांगू नका, फुंकर मारणाऱ्याला गल्लीत मान असतो.

कॅसेटमध्ये ‘लेजंड ऑफ कागे’ सापडला तर लावा. ताइतो कंपनीचा हा १९८५चा खेळ. नायक झाडांच्या शेंड्यांवर उडतो, किल्ल्यात शिरतो, राजकन्येला सोडवतो. सोडवली की तिला पुन्हा पळवतात, ऋतू बदलतो आणि तुम्ही पुन्हा जंगलात. वाईट वाटून घेऊ नका. पुढे नोकरीत हा सराव कामी येईल.

३. आता चोरपावलं. पडद्यावर हे नीट शिकायला १९९८च्या ‘तेन्चू’ची वाट पाहावी लागली, त्याआधीचे बहुतेक निंजा समोरून, छाती काढून येत. ‘तेन्चू’त छपरावर दबा धरता येतो. पहारेकऱ्याने पाहिलंच तर जरा दडून बसा, तो विसरतो.

आई विसरत नाही. ती उठल्यावर काही विचारत नाही, सरळ टीव्हीच्या पाठीवर तळहात ठेवते. सबब तिच्या उठण्याआधी अर्धा तास खेळ थांबवा. पंखा फुल करा. चटके देणारा अडॅप्टर खिडकीच्या गजाशी गार करत ठेवा. रिमोटच्या वायरी गुंडाळून दिवाणात, गोधड्यांखाली. राहिलं टीव्हीचं बटण; ते खट्कन वाजतं. लोहगावच्या विमानतळावरून सुखोई विमान उडेपर्यंत थांबा आणि नेमकं त्या गडगडाटात दाबा. ही सोय कोथरूडच्या निंजांना नाही, बिचारे.

४. मरा. भरपूर मरा. १९८८च्या ‘निंजा गायडेन’च्या आर्केड यंत्रात तुम्ही हरलात की नायकाला बांधून आडवा टाकतात, वरून गोल करवत खाली येऊ लागते आणि उलटी गिनती सुरू होते. नाणं टाका, तो वाचेल. नाण्यांवर जगणारा योद्धा ही कल्पना ज्याला सुचली त्याला हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर बसवायला हवं होतं. त्याच नावाच्या घरगुती खेळात तलवार, राक्षस वगैरे दुय्यम. एक पक्षी येतो, टक्कर देतो आणि तुम्ही खड्ड्यात. फारच मेलात तर २००५ची ‘निंजा गायडेन ब्लॅक’ घ्या. ती तुमची दया येऊन सोपी पातळी देऊ करते. पातळीचं नाव ‘निंजा डॉग’. वर रिबनही बांधते. घ्या. स्वाभिमान हा अभ्यासक्रमाबाहेरचा विषय आहे.

५. अभ्याससहल. विश्रांतवाडी चौकातून बस पकडून लाल महाल पाहून या. एप्रिल १६६३मध्ये शिवाजी महाराज मोजक्या माणसांनिशी रात्री तिथे शिरले, शाइस्तेखानाची बोटं तुटली आणि महाराज निसटले. नवशिक्यांनी मात्र हा नमुना गिरवू नये. त्यात सेव्ह नव्हतं, कन्टिन्यू नव्हतं, लाइफ एकच.

६. मेहनत नको असेल तर २०१०चा ‘फ्रूट निंजा’ आहे, ऑस्ट्रेलियाच्या हाफब्रिक स्टुडिओचा. एक बोट पुरतं. फक्त स्वयंपाकघरातलं खरं कलिंगड कापायला कुणी बोलावलं तर आपल्याला फोन आलाय असं सांगा.

७. पदव्युत्तर. २०२५ या एकाच वर्षी नवा ‘शिनोबी’, ‘निंजा गायडेन ४’ आणि जपानात घडणारा ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ आले. तुमची चाळिशी आली, फ्लॅट धानोरीत, हप्ता पाच तारखेला. शनिवारी रात्री सगळे झोपल्यावर गेम डाउनलोडला लावा. टक्के मोजत बसू नका, डोळा लागतो. सकाळी तुमची मुलगी तिसऱ्या स्टेजला असेल. ती गोष्ट सांगणारे प्रसंग पटापट ‘स्किप’ करते, त्यात तोंड घालू नका. दूध आणायला जा.